प्रीस्कूलमधला व्हॅलेंटाईन डे: नावडत्या मुलालाही कार्ड द्यायचं का?

चिंचगूळ
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, उगाच पाडलेली जिलबी वाटली तर गोड मानून घ्या.

आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलगा साडेचार वर्षांचा, प्रीकेला म्हणजे केजीच्या आधीच्या वर्गात जातो. काल दप्तरातून चिठ्ठी आली की १४ फेब्रुवारीला वर्गात व्हॅलेंटाईन पार्टी आहे, सोबत वर्गातल्या मुलांच्या नावांची यादी, २२ नावं. कार्डं आणायची तर सगळ्यांना आणा, नाहीतर कुणालाच नको. खाऊ अजिबात नको. शिवाय घरून बुटांचं एक खोकं सजवून पाठवायचं, त्याला टपालपेटीसारखी फट पाडायची, बाकीची मुलं त्यात कार्डं टाकणार.

इथवर ठीक. मी यादी मोठ्याने वाचत होते, लेक बाजूला बसून ऐकत होता, एका नावाला म्हणाला "त्याला नाही देणार". का रे? तर तो मुलगा रोज ह्याने रचलेले ठोकळे लाथ मारून पाडतो आणि वर हसतो. टीचरना सांगून झालंय, त्या लक्ष ठेवतात, पण पाडायचा तो पाडतोच. मी म्हटलं अरे सगळ्यांना द्यायचं असतं, तर म्हणे "मग त्याच्या कार्डवर लिही, तू माझे ब्लॉक पाडतोस." आता घ्या!

नवऱ्याचं म्हणणं हे थेरच कशाला, आपण तिळगूळ वाटला की झालं. मला ते पटत नाही, सगळी पोरं कार्डं वाटत असताना आपलंच एक नुसतं बघत उभं राहणार का? पण जो मुलगा त्रास देतो त्याला बदाम काढलेलं कार्ड द्यायला लावायचं म्हणजे खोटं वागायलाच शिकवणं नाही का? तुम्ही काय करता? आणि खोक्याच्या आयडिया पण द्या, माझी चित्रकला दोन डोंगर आणि मधला सूर्य ह्यापुढे कधी गेली नाही.

उकडीचा_मोदक
मी पयली!
खोकं सोप्पंय. लाल कागद लावायचा, कटरने फट पाडायची, पोराच्या हातात स्टिकरचे ताव द्यायचे आणि आपण चहा टाकायला उठायचं. चहा होईपर्यंत खोकं तयार.

टवाळपंत
साडेचार वर्षांत २२ व्हॅलेंटाईन? आम्हाला अख्ख्या इंजिनिअरिंगमध्ये एक मिळाली नाही. पोराला म्हणावं एखादं नाव नको असेल तर यादी इकडे फॉरवर्ड कर.

शिरीषफूल
टवाळपंत, हसून हसून पुरे वाट!

चिंचगूळ, ह्या वयाच्या कार्डांवर प्रेमबिम काही नसतं गं. टार्गेटच्या दुकानात जानेवारीपासूनच कार्डांची खोकी लागतात, डायनोसॉर, खोदकामाचे ट्रक, युनिकॉर्न, वर काहीतरी पाणचट कोटी छापलेली. बदाम नसलेला पॅक घे. ट्रकचं चित्र कुणालाही देता येतं, ब्लॉक पाडणाऱ्याला तर जेसीबीच दे.

उकडीचा_मोदक
जेसीबी!!! _/\_

गोदाकाठ
मी कॅलिफोर्नियात प्रीस्कूलमध्ये शिकवते, दरवर्षी ही पार्टी निस्तरते, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आधी कामाचं. टीचरना विचारून घ्या की कार्डावर 'टू'च्या जागी, म्हणजे ज्याला द्यायचं त्याचं, नाव हवंय का. आमच्याकडे आम्ही सांगतो की ती जागा कोरी ठेवा, फक्त खाली आपल्या मुलाचं नाव. कारण ह्या वयात बहुतेकांना दुसऱ्यांची नावं वाचता येत नाहीत. नावं घातलेली असली की वीसेक मुलं एकेक कार्ड हातात धरून "हे कुणाचं, हे कुणाचं" करत आमच्या मागे फिरतात, कुणाचं तरी चुकीच्या पेटीत पडतं आणि मग रडारड. जागा कोरी असली की पोरगं पेट्यांच्या रांगेतून चालत जातं, प्रत्येक फटीत एक टाकतं, दहा मिनिटांत काम फत्ते. आईबापांना वाटतं नाव घातल्याशिवाय आपलेपणा नाही, पण पोरांना खरी मजा त्या फटीत कार्ड सरकवण्यातच येते.

दुसरं, सही त्यालाच करू द्या. एका बैठकीत नको, रोज चार-पाच. शेवटची कार्डं येतात तेव्हा नावाचं नुसतं पहिलं अक्षर उरतं, तेही उलटं. चालतं. आईने सुवाच्य अक्षरात लिहिलेली आणि सॅटिनची रिबन बांधलेली कार्डं आम्हाला लांबून ओळखू येतात.

आता त्या मुलाबद्दल. "तो तुझा मित्र आहे ना" असं अजिबात म्हणू नका, तो मित्र नाहीये आणि हे लेकाला तुमच्यापेक्षा चांगलं माहितीये. सांगायचं एवढंच, की त्या दिवशी वर्गात प्रत्येकाच्या पेटीत कार्ड पडतं, तुझ्या पेटीत पडतं तसंच त्याच्याही. त्याला आवडून घ्यायची सक्ती नाही. आणि ठोकळ्यांचा विषय कार्डाशी जोडू नका, तो वेगळा सोडवायचा. घरी सराव करून घ्या, हात पुढे करून "स्टॉप, आय डोन्ट लाइक दॅट" मोठ्याने म्हणायचा. मिळमिळीत नाही, मोठ्याने. आम्हाला ऐकू आलं तर आम्ही येतो. कार्ड दिलं तरी ठोकळे पाडलेले चालणार नाहीत, हे त्याला स्वच्छ सांगा.

चिंचगूळ
गोदाकाठताई, खूप आभार! 'टू' कोरं ठेवायचं डोक्यातच आलं नव्हतं, मी एक्सेल शीट काढून बसले होते.

बे_एरिया_बाबा
थोडं विरोधी मत, हलके घ्या.

सगळ्यांना दिलंच पाहिजे म्हटल्यावर त्यात देणं कुठे राहिलं? चीनमध्ये छापलेली दोन डझन कार्डं घरातून जातात, तेवढीच दुसऱ्यांची घरी येतात, वर प्लास्टिकच्या शिट्ट्या, पेन्सिली, उसळणारे चेंडू. आमच्याकडे दोन दिवस सोफ्याखाली लोळतात, मग रात्री गुपचूप रिसायकलिंगमध्ये. मुलगा काय शिकला? यादीवर टिक करायला शिकला. त्यापेक्षा मूल ज्याला मनापासून देईल अशी दोनच कार्डं करू द्या आणि शाळेबाहेर देऊ द्या. नवऱ्याचं बरोबर आहे.

चिंचगूळ
नवरा हा धागा वाचतोय, त्याला चढवू नका.

काकू_एडिसन
बाबा, तुमची मुलं लहान आहेत म्हणून तुम्हाला सगळ्यांचा नियम जाचक वाटतो. आम्ही इकडे आलो त्याला आता तीस वर्षं होतील. माझी मोठी दुसरीत होती तेव्हा तिच्या वर्गात असा नियम नव्हता, ज्याला वाटेल त्याने वाटेल त्याला द्यावं. ती वर्षाच्या मध्यावर नव्याने दाखल झालेली, इंग्रजी कच्चं, डब्यात मेथीचा पराठा. आदल्या रात्री बसून तिने सगळ्यांसाठी हाताने कार्डं केली होती. दुसऱ्या दिवशी न्यायला गेले तर गाडीत मागे बसून कागदी पिशवीतली कार्डं मांडीवर मांडत होती. चार होती, त्यातलं एक टीचरचं. मला म्हणाली, "आई, बाकीच्यांची बहुतेक उद्या येतील."

पुढे धाकट्याच्या वेळी तिथेच यादी यायला लागली. तेव्हापासून मला ते यादीवर टिक करणं फार आवडतं. यांत्रिक तर यांत्रिक.

शिरीषफूल
काकू :(

खमंग_थालीपीठ
काकूंना अनुमोदन. आणि ज्यांना खोटेपणा वाटतोय त्यांना एक विचारते, संक्रांतीला आपण काय करतो? आमच्या वाड्यात समोरच्या बिऱ्हाडाशी नळावरून वर्षभर धुसफूस असायची, तरी संध्याकाळी आई वाटीत तिळगूळ देऊन मला आधी तिकडेच पिटाळायची. त्या बाई पण डोक्यावरून हात फिरवून हातावर हलवा ठेवायच्या. तेव्हा नव्हतं कुणी म्हणालं की मुलीला खोटं शिकवताय.

बे_एरिया_बाबा
आणि दुसऱ्या दिवशी नळावर?

खमंग_थालीपीठ
दुसऱ्या दिवशी परत सुरू. पण मधली एक संध्याकाळ बरी जायची ना!
जाता जाता चिंचगूळ, नवऱ्याला तिळगुळाची एवढी हौस आहे तर कार्डासोबत तिळाच्या वड्याच वाट की. छान गुलाबी बदामाच्या साच्यात पाड.

गोदाकाठ
नको नको नको! आधीच खाऊला बंदी आहे, आणि त्यात तीळ तर मुळीच नको. अमेरिकेत तीळ आता मुख्य ॲलर्जन धरतात. दूध, अंडी, मासे, कवचवाले मासे, शेंगदाणे, झाडावरचे नट्स, गहू, सोया हे आधीचे आठ आणि नववा तीळ. २०२१ मध्ये तसा कायदा झाला आणि १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर तीळ लिहिणं बंधनकारक आहे. आमच्या वर्गात तिळाची ॲलर्जी असलेली मुलं आहेत, नुसत्या लाडवाच्या हाताने चेहऱ्याला हात लावला तरी पंचाईत. हलव्यातही आत तीळ किंवा खसखस असते. घरी काय ते करा, वर्गात फक्त कागद आणि स्टिकर.

टवाळपंत
म्हणजे तिळगूळ घ्या, गोड बोला आणि ९११ ला फोन करा.

इतिहासाचा_किडा
बाबांनी छापील कार्डांचा विषय काढलाच आहे तर थोडं अवांतर. हा धंदा आजचा नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावात एस्थर हाउलंड नावाची मुलगी होती, वडिलांचं स्टेशनरीचं दुकान. १८४७ च्या सुमारास तिच्या हाती इंग्लंडहून आलेलं लेसच्या कागदाचं व्हॅलेंटाईन पडलं आणि तिला वाटलं हे आपणही करू शकू. नमुने भावाकडे दिले, तो फिरतीवर निघाला होता, दोनेकशे डॉलरच्या ऑर्डर मिळाल्या तरी खूप असं वाटत होतं, पण तो ५००० डॉलरच्या घेऊन आला असं सांगतात. मग घरातच टेबलाभोवती मैत्रिणी बसवल्या, एक कापणार, एक चिकटवणार, एक लेस लावणार. म्हणजे हाताने केलेली कार्डंसुद्धा पहिल्यापासून घाऊकच होती.

आणि त्या खडूसारख्या लागणाऱ्या बदामी गोळ्या, ज्यांच्यावर दोन शब्द छापलेले असतात? गोळ्या कापायचं यंत्र ऑलिव्हर चेसने बॉस्टनमध्ये १८४७ सालीच काढलं, पुढे १८६६ मध्ये त्याच्या भावाने गोळीवर अक्षरं छापायची युक्ती शोधली. ती कंपनी २०१८ मध्ये बंद पडली, त्यामुळे २०१९ च्या फेब्रुवारीत त्या गोळ्या दुकानांत आल्याच नाहीत. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीने आणल्या.

उकडीचा_मोदक
त्या गोळ्या कुणी खातं का पण? आमच्याकडे त्या बिंगो खेळायला लागतात.

हेलसिंकीकर
इकडे फिनलंडमध्ये हा सगळा तिढाच नाही. इथे १४ फेब्रुवारी हा मैत्रीचाच दिवस असतो, एस्टोनियातही तसंच. मुलं मैत्रिणींना कार्डं करतात, मोठी माणसंही मित्रमंडळींना पाठवतात, नवरा-बायको आपलं वेगळं काय ते बघून घेतात. मुलीच्या पाळणाघरात त्या दिवशी लाल-गुलाबी कपडे घालून जायचं आणि एकमेकांबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची. गेल्या वर्षी आमच्या कन्येने एका मुलाबद्दल सांगितलं की "ह्याचे बूट मोठे आहेत". टाळ्या पडल्या.

ओसाकाची_सून
जपानमध्ये उलटीच तऱ्हा. १४ तारखेला बायका पुरुषांना चॉकलेट देतात, ऑफिसमधल्या साहेबालाही कर्तव्य म्हणून द्यायचं, आणि मग बरोबर महिन्याने १४ मार्चला पुरुषांनी परतफेड करायची. कर्तव्याचं चॉकलेट आता बरेच जण टाळतात. शाळकरी मुली मात्र एकमेकींना घरी बनवलेली चॉकलेटं देतात, शाळेत खाऊ न्यायला मनाई असल्याने शाळा सुटल्यावर एकमेकींच्या दारात जाऊन. माझी सासू जपानी, तिने माझ्या लेकीला वही घालून दिलीये, कुणाकडून काय आलं ते लिहायला, म्हणजे परत द्यायला चुकायला नको. आपल्याकडच्या लग्नातल्या आहेराच्या वहीसारखीच!

पुणेरी_पाटी
इकडे आमच्या प्लेग्रुपच्या व्हॉट्सॲपवर आज मेसेज आला की १४ ला मुलांना लाल कपड्यात पाठवा, डब्यात लाल पदार्थ द्या आणि आईबाबांना मिठी मारतानाचा फोटो ग्रुपवर टाका. लाल पदार्थ म्हणून बीटाची पोळी देणार आहे, खाणार कोण देव जाणे. शेजारच्या शाळेत त्याच दिवशी मातृ-पितृ पूजन आहे, तिथे मुलं आईबाबांचे पाय धुतात. तीन वर्षांचं मूल आणि तांब्याभर पाणी, बापाची पँट भिजल्याशिवाय राहत नाही.

टवाळपंत
आणि २०२३ विसरलात? पशू कल्याण मंडळाने १४ फेब्रुवारीला गायीला मिठी मारा म्हणून आवाहन केलं होतं, मग चार दिवसांत मागे घेतलं. गायींशी बोलणी फिसकटली असणार.

पुणेरी_पाटी
गायीला विचारलं असतं तर तिने आधीच सांगितलं असतं.

अ‍ॅडमिन
राजकारणाकडे वळू नका. धागा लहान मुलांचा आहे.

सिॲटलची_पावसाळी
वाचून मजा येतेय. आम्ही दोन्ही एकत्र केलं होतं ते सांगते. २०२४ साली वसंत पंचमी नेमकी १४ फेब्रुवारीला होती आणि रथसप्तमी १६ ला. लेकीचं बोरन्हाण संक्रांतीत राहून गेलं होतं, घरात सगळे आजारी. रथसप्तमीपर्यंत चालतं म्हणून त्याच आठवड्यात शेजारच्या मुलांना बोलावून उरकलं. बोरं कुठून आणणार? इंडियन स्टोअरमधून चुरमुरे, बोरांऐवजी स्ट्रॉबेरीचे तुकडे, उसाच्या करव्यांऐवजी मार्शमेलो, बाकी स्टिकर आणि कागदी बदाम. तीळ नव्हते, हलव्याचे दागिने म्हणून मी लोकरीचे पांढरे गोंडे ओवले. काळा फ्रॉक होताच.

ताम्हणभर ते सगळं तिच्या डोक्यावरून ओतलं तर शेजारची अमेरिकन मुलं आधी थिजली. घरात खाली सांडल्यावर कुणी ओरडत नाही आणि वर उचलून घ्यायला सांगतात, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग जी झुंबड उडाली! एक चार वर्षांचा मुलगा दोन्ही मुठी भरून आला आणि त्यातले बदाम लेकीच्याच डोक्यावर परत टाकायला लागला. पुढच्या वर्षी त्याच्या आईने जानेवारीतच विचारलं, तो डोक्यावर ओतायचा सण कधी आहे?

चुरमुरे मात्र व्हॅक्यूममध्ये अजून सापडतात.

शिरीषफूल
काय मस्त! पुढच्या वर्षी नक्की करणार. चुरमुरे सोडून.

मिशीवाला_बाबा
शाळेचं झालं, घरी कोण काय करतं? आमच्याकडे बायकोने इथल्या मैत्रिणीकडून उचललेली पद्धत आहे, १ ते १४ फेब्रुवारी रोज रात्री मुलाच्या दारावर एक कागदी बदाम चिकटवायचा, त्यावर त्याच्याबद्दल काहीतरी लिहायचं. पहिल्या दिवशी मी लिहिलं "तू हुशार आहेस", दुसऱ्या दिवशी "तू गोड आहेस". तिसऱ्या दिवशी त्याने वाचून घेतलं आणि म्हणाला "बाबा, हे तर कुणाला पण लिहिता येतं." पाच वर्षांचं कार्टं! मग मात्र दिवसभर लक्ष ठेवावं लागलं. "काल तू मांजराच्या वाटीतलं पाणी स्वतःहून बदललंस." "तू जिन्यावर आजीसाठी थांबलास." ह्यावर खूष. एकदा काहीच सापडेना तर "आज तू आंघोळीला फक्त एकदाच नाही म्हणालास" लिहिलं, तेही आवडलं.

काकू_एडिसन
हे फार छान आहे. नवऱ्यासाठीही सुरू करावं म्हणते.

टवाळपंत
"आज तुम्ही ओला टॉवेल पलंगावर फक्त एकदाच टाकलात."

डेन्व्हरची_माई
भारतातल्या आजी-आजोबांना कार्ड पाठवणाऱ्यांसाठी एक. आमच्या कोलोरॅडोत लव्हलँड नावाचं गाव आहे, तिथे १९४० च्या दशकापासून गावातले स्वयंसेवक लोकांची व्हॅलेंटाईन कार्डं खास शिक्का मारून पुढे पाठवतात. आपलं पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट मोठ्या पाकिटात घालून तिथल्या पोस्टात पाठवायचं, ते चार ओळींची कविता आणि गावाचा शिक्का मारून टाकतात. परदेशची कार्डं जानेवारीतच पोचायला लागतात, म्हणजे यंदा हुकलं, पुढच्या वर्षी करा. कोल्हापूरला माझ्या सासूबाईंनी तो शिक्का अख्ख्या गल्लीला दाखवला. नातीने आत काय काढलंय ते कुणी पाहिलंच नाही.

बे_एरिया_बाबा
हे आवडलं. पण अजूनही म्हणतो, ज्याला द्यावंसं वाटतं त्यालाच द्यावं. काकूंची चार कार्डं वाचून दिवसभर अस्वस्थ होतो, तरी म्हणतो.

काकू_एडिसन
म्हणा हो. तुमच्या पोराची कार्डं सोफ्याखाली लोळतायत म्हणजे निदान आलीत तरी.

चिंचगूळ
मंडळी, अपडेट! पार्टी झाली.

'टू'च्या जागी टीचरनी कोरंच ठेवायला सांगितलं. खोदकामाच्या ट्रकचा पॅक आणला. रोज थोडी थोडी सही, शेवटी शेवटी खरंच एकच अक्षर उरलं. कोरी असल्याने कुठलं कार्ड कुणाला हा प्रश्नच येणार नव्हता, पण लेकाने स्वतःच एक बाजूला काढलं आणि मागे पेनने एक उंच मनोरा काढला. म्हटलं हे कुणाला? तर "त्याला". म्हटलं वा! मग मनोऱ्यापुढे एक हात काढला, पाच बोटं पसरलेला. म्हणे "स्टॉप". नवरा म्हणाला जाऊ दे, निदान लिहून तरी दिलंय.

त्या मुलाने सगळ्यांना अंधारात चमकणाऱ्या अंगठ्या वाटल्या. त्याच्या आईशी गेटवर पहिल्यांदाच बोलले, ती म्हणाली मुलाने तो मनोरा फ्रीजवर लावून घेतलाय, हात कशाचा ते तिला कळलं नव्हतं. मी सांगितलं. ती आधी ओशाळली, मग हसली, घरी धाकटी बहीण ह्याचे ठोकळे पाडते म्हणाली.

प्रेसिडेंट्स डेच्या सुट्टीनंतर मंगळवारी परत पाडले. पण लेकाचा स्टॉप बाजूच्या वर्गात ऐकू गेला म्हणे.

गोदाकाठ
शाब्बास!! अंगठ्यांमधली ती बटणासारखी बॅटरी मात्र काढून ठेवा, झाकण सहज निघतं आणि पोरं गिळतात. आमच्याकडे म्हणून अशा वस्तू आणू देत नाहीत.

चिंचगूळ
काढली आत्ताच, थँक्स.
आता पुढचं. शाळेचा शंभरावा दिवस परवा आहे, घरून १०० वस्तू मोजून न्यायच्यात, खायच्या नकोत, पिशवीत मावल्या पाहिजेत. कुणाकडे आयडिया?

सिॲटलची_पावसाळी
कागदी बदाम हवे असतील तर माझ्याकडे आहेत, व्हॅक्यूममधले.

उकडीचा_मोदक
शर्टाची बटणं. मोजायला नवऱ्याला बसव.